पाणी गोड हाय, असं मी म्हणाले

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही — तो त्याआधीच गेला, म्हणून सुटला. लेकीला नाही. देवालाही नाही. देवापुढं हात जोडले की मी पिकापाण्याचं, नातवंडांचं, शेजारणीच्या गुडघ्याचं सुद्धा सगळं बोलते, आणि या गोष्टीपाशी आले की वात सारखी करायला उठते. माणूस देवापाशीही विषय बदलतो, ठाऊक आहे का तुम्हाला? मला ठाऊक आहे.

तुम्ही मला ओळखत नाही, हे एक बरं आहे. ओळखीच्या माणसापुढं बोलायला लागलं की आधी आपलं नाव आडवं येतं. आमच्या गावात माझं नाव मोठं आहे हो — तोच तर सगळा घोळ आहे. पण थांबा, मला सरळ सांगता येत नाही. बोलते तसंच लिहिते मी. शाळेचं तोंड बघितलं नाही, लेक पाटीवर गिरवायची तेव्हा तिच्याशेजारी बसून शिकले, आणि पुढं किराणाच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत हात बसला. तेव्हा इकडंतिकडं गेले तर सांभाळून घ्या. नाही तर नका घेऊ.

मी कौसल्या. नेकनूरहून पुढं एक फाटा आत जातो, तिथं आमचं गाव. पाणी मचूळ. बोर कुठंही घ्या, तेच. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, नवी नवरी महिनाभर पोट धरून हिंडते. मी या गावात नवरी म्हणून आले ती सिंदफणेच्या काठावरनं — माजलगावकडं माहेर माझं, धरणाच्या गोड पाण्यावर वाढलेली. त्यामुळं माझ्या जिभेला इथल्या पाण्यातलं खारं-मचूळ लगेच कळायचं. सासऱ्यानं पहिल्यांदा ते ओळखलं. शेतात नवं बोर लागलं तर म्हणाला, ‘सूनबाईला पाजा आधी.’ मी चूळ भरली, म्हटलं, ‘जनावराला चालंल, माणसाला न्हाई.’ तेव्हापासून चालच पडली. गावात कुणाचंही बोर लागो, नारळ फुटायच्या आधी पहिला तांब्या माझ्याकडं यायचा. मी जीभ लावायची आणि सांगायचं. मी गोड म्हटलं की गोड. मी मचूळ म्हटलं की त्या बोरावर बाई घागर घेऊन जायची नाही. शहाणपण म्हणून माझ्यापाशी एवढंच होतं. पण एवढंच असलं ना, की माणूस त्याला लई जपतो.

तर स्नेहल आली ती याच नावाचं ऐकून.

स्नेहल म्हणजे शहरातल्या एका विद्यापीठात पाण्यावर अभ्यास करणारी पोरगी. बारीक चणीची, कपाळावर टिकली नाही, बोलणं मात्र लाघवी. खारं पाणी गोड करायचं मशीन तिला एखाद्या गावात लावून बघायचं होतं. आम्ही म्हटलं, फिल्टर ना, बीडला दुकानादुकानांत आहेत की. ती म्हणाली, ‘नाही आजी, हे वेगळं. यात ग्राफीन आहे.’ तो शब्द माझ्या तोंडी बसायला आठवडा गेला. पेन्सिलीच्या शिशाचाच तो भाऊ, असं तिनं सांगितलं. शिसं सोलत सोलत गेलं तर शेवटी एक इतका पातळ पदर उरतो की त्याहून पातळ जगात काही नाही. असे पदरावर पदर बसवून ती काळी पाती केलेली. मी म्हटलं, म्हणजे घडीच्या चपातीसारखं. ती हसली, म्हणाली, ‘अगदी तसंच. त्या पदरांच्या मधनं पाणी निसटतं, आणि मीठ, खत, जे काही नको ते बाहेर अडतं.’

खत म्हणजे आपलं पिकाला घालायचं खतच. ते मातीतनं मुरत मुरत बोरात उतरतं, त्याला ना रंग ना चव, आणि लहान लेकरांना ते लई वाईट — हे तिनं आम्हाला देवळापुढं बसवून सांगितलं होतं. मी पुढंच बसले होते. मला ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय नाही.

मशीन शाळेच्या मागच्या खोलीत बसलं. एका अंगाला कच्च्या पाण्याची निळी टाकी, मध्ये पांढरा डबा, त्यात त्या काळ्या पात्या, आणि दुसऱ्या अंगाला गोड पाण्याची टाकी. किल्ली कुणाकडं द्यायची यावर चर्चा सुद्धा झाली नाही. माझ्याकडं आली. स्नेहलनं मला डबा उघडायचा कसा, लावायचा कसा, सगळं दाखवलं. पेनासारखं एक यंत्र दिलं — पाण्यात बुडवलं की आकडा दाखवतं, आकडा वर गेला की पाणी बिघडलं. तो आकडा मी दर रविवारी तिला फोनवर सांगायचा. आणि जाताना माझा हात धरून एक गोष्ट तिनं पुन्हा पुन्हा सांगितली.

‘आजी, पाणी बदला, टाकी धुवा, काही हरकत नाही. पण ही पाती कोरडी पडू द्यायची नाही. एकदा वाळली की पदर फुटतात. वरनं दिसणारही नाही, पण मग ती नुसती चाळणी झाली.’

मी म्हटलं, बाई, तू निर्धास्त राहा.

आता अनसाचं सांगते. अनसा आणि मी एकाच साली या गावात नांदायला आलो. सगळं गाव मला जिजी म्हणतं; ‘कौसे’ म्हणणारी ती शेवटची. मी तोंडाळ, ती मुकी. मी भांडायची, ती माझ्या मागं उभी राहून माझी घागर धरायची. तिचा लेक दत्ता आणि सून रेणुका ऊसतोडीला जायचे, कर्नाटकात. त्या वर्षी पावसाळ्यात रेणुकाला मुलगी झाली. ईश्वरी नाव ठेवलं. बाळंतपणात रेणुकाचे लई हाल झाले, अंगावर दूधच उतरलं नाही. लेकरू पावडरच्या दुधावर. आणि दिवाळी झाली की टोळी निघणार — नवरा-बायको मिळून एक कोयता, एकट्याला कोण घेतो?

लेकरू न्यावं की ठेवावं यावर त्यांच्या घरात लई दिवस घासाघीस चालली. फडात पावडर कालवायची कशात? उसाला सोडलेल्या चारीच्या पाण्यात? शेवटी रेणुका माझ्याकडं आली. तिला मी विचारून घेतलं, समजावलं, आणि म्हणाले, ‘ठेवून जा. गावात आता फिल्टर हाय. पाणी माझ्या हातातलं हाय. त्या पोरीला वाईट थेंब लागणार न्हाई.’

माझ्या या शब्दावर ते लेकरू गावात राहिलं. हे नीट ऐका. फिल्टरवर नाही राहिलं, माझ्या शब्दावर राहिलं.

आणि मग दिवाळीतच ग्रहण आलं. सूर्यग्रहण, मावळतीचं — सूर्य ग्रहणातच बुडाला. म्हणजे सुटका बघायची ती दुसऱ्या दिवशी उगवतीला. आमच्याकडं ग्रहण सुटलं की घरातलं साठवलेलं पाणी ओतायचं. रांजण, घागरी, तांबे सगळं घासून उन्हात पालथं घालायचं, कोरडं झालं की नवं पाणी भरायचं. त्या सकाळी सगळ्या गावाच्या अंगणात भांडी पालथी. अनसा माझ्याकडं आली, पदराला हात पुसत, हळूच म्हणाली, ‘कौसे, त्या मशीनमधलं पाणी बी ग्रहणातलंच की गं. लेकराला कसं देऊ?’

टाकी ओतली असती आणि नवं पाणी भरलं असतं तर झालं होतं. स्नेहलनं त्याला मोकळीक दिली होती. अनसालाही तेवढंच हवं होतं. पण तिच्या मागं आणखी चार बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या, आणि बाया बघत असल्या की माझ्या अंगात येतं. मी म्हटलं, नुसती टाकी कशाला, आतबाहेर लख्ख करते. मी डबा उघडला. काळ्या पात्यांची ती चौकट बाहेर काढली. ग्रहणाचं पाणी तिच्या पदरापदरात बसलेलं असणार, हे मीच बायांना समजावून सांगितलं — स्नेहलचीच विद्या, तिच्यावरच उलटवून. आणि ती चौकट शाळेच्या ओट्यावर, माझ्या जुन्या लुगड्यावर, उन्हात पालथी घातली. भांड्यासारखी.

मला तिचे शब्द आठवत होते का? होते. हेच तर सांगायला बसले. विसरले असते तर ती चूक झाली असती, आणि चुकीसाठी एवढं लिहायची गरज नव्हती. मला आठवत होतं, आणि मी मनाशी म्हटलं, एक दिवसानं काय होतंय. पोरगी शहरातली आहे, जरा जास्तच जपते. सांजेला पाती हातात घेतली तर कडा पापडासारख्या वळल्या होत्या. मी बोटानं दाबून सरळ केल्या आणि डबा लावून टाकला.

पाणी सुरू केलं — आणि धोधो आलं. आधी कसं, करंगळीएवढी धार, बाया ओळीत बसून उवा बघायच्या. आता घागर बघता बघता भरायला लागली. लई कौतुक झालं माझं. एक जण म्हणाली, ‘जिजीनं मशीनचं ग्रहण सोडवलं.’ सगळ्या हसल्या. मीही हसले. हसता हसता ओंजळ भरून तोंडाला लावली.

मचूळ.

तुम्हाला कसं सांगू? बोराच्या पाण्याइतकं नाही, पण माझ्या जिभेला ते लपणार होतं का? सगळ्या बाया माझ्याकडं बघत होत्या. नव्या पाण्याला पहिली जीभ माझीच, ही चाल होती ना. मी ओंजळ गिळली, तोंड पुसलं आणि म्हणाले — पाणी गोड हाय.

एवढंच. तीन शब्द. त्या क्षणी मी असं म्हणू शकले असते की थांबा, काहीतरी बिघडलंय, पोरीला फोन लावते. काय झालं असतं? बाया चार दिवस कुजबुजल्या असत्या. स्नेहल रागावली असती, नाही तर नसतीही. दुसरी पाती आणून बसवली असती. पण ‘जिजीनं मशीन मोडलं’ हे मला सोसलं नसतं. ज्या बाईचं पाणी सगळं गाव पितं, तिच्याच हातानं पाणी बिघडलं — हे माझ्या नाकाला सोसलं नसतं. बास. याहून मोठं कारण मी लई शोधलं. नाही सापडलं.

आणि बायांना कळलं कसं नाही? अहो, त्यांचा जन्म त्या पाण्यावर गेलेला. उलट आधीचं पाणी त्यांना पांचट लागायचं. एकीनं मात्र म्हटलं, ‘जिजी, डाळ पुन्हा शिजंना झालीय.’ मी तिला चारचौघींत म्हणाले, ‘डाळ जुनी असंल तुझी, नवऱ्यासारखी.’ सगळ्या खदखदल्या. ती गप्प झाली. लोकांना हसवता येणं हीसुद्धा एक वाईटच कला आहे.

रविवारी स्नेहलचा फोन. मी पेन बुडवलं होतं, आकडा लई वर गेला होता. तिनं विचारलं, आणि मी मागच्या रविवारचा आकडा सांगितला. ती खूश. म्हणाली, ‘आजी, तुमच्यामुळं हे चाललंय.’ पुढच्या रविवारपासून मी पेन बुडवायचंही सोडलं.

दिवाळीनंतर टोळी निघाली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं, सगळं चढलं होतं. रेणुका काही चढेना. वळून माझ्याकडं आली, डोळे सुजलेले, छातीशी रिकामं दुपटं. म्हणाली, ‘जिजी, पाणी—’

तो क्षण माझा होता. तिला नुसतं म्हणायचं होतं, लेकरू घेऊन जा. किंवा, स्टँडवरनं बाटलीचं पाणी आणत जा. किंवा काहीही. मी तिच्या पाठीवरनं हात फिरवला आणि म्हणाले, ‘निर्धास्त जा बाई. मी हाय की.’

ती गेली.

त्यानंतर अनसा रोज सगळ्यांच्या आधी खोलीपाशी यायची. तिच्या दारापुढंच हापसा आहे — दोन पावलांवर. शाळा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. गुडघे धरलेले, तरी ती घासलेली कळशी घेऊन चालत यायची, लेकरासाठी तेवढंच पाणी न्यायची. मीच भरून द्यायची. घरी नेऊन ती उकळायची, गाळायची, पुन्हा उकळायची. पुढं मला कळलं की उकळल्यानं खत जात नाही. पाणी आटतं, आत जे असतं ते तेवढंच राहतं, म्हणजे उलट घट्ट होतं. अनसा जितकी काळजी घेत होती तितकं ते वाईट होत होतं. आणि मी तिची कळशी डोक्यावर चढवून द्यायची, वर चेष्टा करायची, ‘राणीसाहेबांचं दूध आलं का गं उतू?’

मला काय वाटत होतं तेव्हा? खरं सांगू? मला वाटत होतं, आम्ही सगळी याच पाण्यावर वाढलो. आमची लेकरं याच पाण्यावर जगली. काय होतंय? जी जगली नाहीत, त्यांचं आम्ही कधी पाण्याशी नातं जोडलंच नव्हतं.

एका सकाळी अनसा कळशी न घेता आली. लेकराचे ओठ जांभळे पडलेत म्हणाली. मी धावले. ओठ, नखं, कानाची पाळी — सगळं निळसर, जांभळाच्या डागासारखं. रडतही नव्हतं धड. जीप मिळवली, बीडच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. वाटभर अनसा तिच्या तळपायांना हात चोळत होती, आणि मी — मला वाटेतच कळलं होतं. नेकनूर मागं पडायच्या आत कळलं होतं.

डॉक्टर तरुण होता. लेकरू बघितलं, छातीला नळी लावली, आणि पहिलाच प्रश्न त्यानं विचारला — दूध कशात कालवता? अनसानं सांगितलं, फिल्टरच्या पाण्यात. तो म्हणाला, कसला फिल्टर? आणि अनसा माझ्याकडं बघायला लागली, कारण बोलायचं काम नेहमी माझं.

मी बोलले. ग्राफीन म्हणाले. विद्यापीठ म्हणाले. दर रविवारी आकडा जातो म्हणाले. शिकलेल्या माणसापुढं शिकलेले शब्द टाकले, आणि शेवटी म्हणाले, ‘मी स्वतः चाखते डॉक्टरसाहेब, पाणी गोड हाय.’

त्यानं मान हलवली आणि पाण्याचा नाद सोडला. हृदयाला भोक असेल म्हणून तिकडच्या तपासण्या सुरू झाल्या. तिथं वेळ गेला. मग मोठे डॉक्टर आले, त्यांनी लेकराचं रक्त बघितलं — चॉकलेटी पडलं होतं — आणि म्हणाले, हे पाण्यातल्या खतानं होतं. औषध आहे यावर, द्या लगेच. दिलं. उशीर झाला होता.

लवकर दिलं असतं तर वाचली असती का? मला माहीत नाही. मी कुणाला विचारलंही नाही. विचारायचं तर आधी काय सांगावं लागलं असतं, ते तुम्ही जाणताच.

ईश्वरी गेली. आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात, लेकरू अजून अनसाच्या मांडीवर होतं तेव्हा, मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, ‘मग हे पाणी आलं कुठून?’ अनसा लेकराच्या तळपायांना अजून हात चोळत होती. तेव्हा मी म्हणाले. मीच. कुणी मला विचारलं नव्हतं.

‘हिच्या दारात हापसा हाय साहेब. म्हातारं माणूस, गुडघे दुखत्यात. कधीतरी घातलं असंल त्याचं.’

अनसानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ओरडेल. ती ओरडली नाही. तिच्या तोंडावर राग नव्हता, गोंधळ होता — जणू कौसी म्हणते तर तसं असेल, असा.

दत्ता आणि रेणुका आले तोवर माती देऊन झाली होती. गावात गोष्ट पसरली होती ती माझीच, आणि गावात एकदा गोष्ट बसली की बसली. रेणुका रडली नाही. सासूपुढं उभी राहिली आणि एकच बोलली, ‘आत्या, चार पावलं जास्त चालायला काय झालं हुतं?’

अनसा रोज पार गावाच्या त्या टोकापर्यंत चालत होती. हे जगात एका माणसाला पक्कं ठाऊक होतं. ते माणूस उंबऱ्यात उभं होतं, आणि त्यानं रेणुकाच्या डोक्यावरनं हात फिरवला.

मशीन मी त्याच आठवड्यात बंद केलं. दुखवटा म्हणून, असं सांगितलं. नंतर स्नेहल आली, तिनं डबा उघडला, पाती बघितली — जागोजाग चिरलेली. तिचा चेहरा पांढरा पडला. तिला वाटलं लेकरू आपल्यामुळं गेलं. मी लगेच म्हणाले, ‘अगं, मशीन बंद ठेवलं ना आम्ही, तेव्हा वाळली. त्याआधी चांगली हुती.’ वाळली हे खरंच होतं. मी फक्त दिवस बदलले. तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि मोठा श्वास सोडला. त्या श्वासात तिचं सगळं ओझं उतरलं आणि ते अनसाच्या डोक्यावर जाऊन बसलं, कायमचं. आमच्या गावचे आकडे चांगले आले, असं पुढं तिनं मला फोनवर कळवलं. चांगलेच येणार. मीच सांगितलेले.

मग रेणुकाला मुलगा झाला. तो लेकरू असताना ते त्याला फडावर घेऊन गेले, धुळीत, पाचटात, पण अनसाजवळ ठेवला नाही. गावी असले तरी तो आजीकडं रांगत गेला की रेणुका उचलून न्यायची. अनसा हात पुढं करायची आणि तसाच मागं घ्यायची. दिवसाढवळ्या, माझ्या डोळ्यांदेखत. मी तिथंच शेंगा सोलत बसलेली असायची, गावगप्पा सांगत.

गेल्या उन्हाळ्यात स्नेहलचा फोन आला. आता ती नवी मशीनं माजलगावकडच्या गावांत लावणार आहे, बायांच्याच हाती देणार आहे. मला म्हणाली, आजी, तुम्ही येऊन त्यांना समजावा ना. मी दुखण्याचं निमित्त सांगितलं. पण फोन ठेवता ठेवता राहवलं नाही. म्हटलं, ‘बाई, ग्रहण सुटलं की बाया पाती धुऊन उन्हात घालतील. त्यांना आधीच सांग. डब्याला कुलूप घाल.’ ती आधी हसली, मग म्हणाली, ‘असं कुणी केलंय का आजी?’

मी म्हणाले, ‘न्हाई गं. आपलं सुचलं.’

बघा. एवढ्या वर्षांनी, एवढं सोपं करून तिनं समोर ठेवलं होतं.

अनसा या हिवाळ्यात गेली. शेवटचे काही दिवस अंथरुणावर होती, मी रोज दुपारी जाऊन बसायची, चमच्यानं पेज भरवायची. गाव म्हणायचं, मैत्रीण असावी तर अशी. एका दुपारी घरात कुणी नव्हतं. तिनं माझं मनगट धरलं. हाताला जोर नव्हता, पण नजर साफ होती. म्हणाली, ‘कौसे, मला आता आठवलं गं.’

मला वाटलं, आलं. शेवटी आलं. आणि खरं सांगते, थोडं बरंही वाटलं.

ती म्हणाली, ‘मी हापशाचंच घातलं हुतं. एक दिवस गुडघा लई धरला हुता बघ. अंधारातच उठले, दारातनंच कळशी भरली. तुला बी सांगितलं न्हाई. तू म्हणत हुतीस ते खरंच हुतं. मीच मारली गं तिला.’

असं काही झालेलं नव्हतं. एकही दिवस ती यायची राहिली नव्हती; मीच तर भरून द्यायची. इतकी वर्षं सगळ्यांनी म्हटलं, म्हणून तिनं तो दिवस मनातल्या मनात तयार केला होता — अंधार, गुडघा, कळशी सगळं. आणि आता ती त्याची माझ्यापाशी माफी मागत होती.

घरात दोघीच होतो. तिच्या हातात माझं मनगट होतं. मी तिच्या कपाळावरचे केस मागं सारले आणि म्हणाले, ‘जाऊ दे गं अनसे. हुतं असं माणसाकडनं.’

तिनं डोळे मिटले. मी तिला माफ केलं म्हणून ती झोपली.

अनसानं हापशाचं पाणी घातलं नाही. कधीच नाही. ईश्वरी जे पाणी प्याली ते मी बिघडवलेलं होतं, मी चाखलेलं होतं, आणि मला कळलेलं होतं.